खांबची माकडं आणि सगुणाचा डावा हात

वरसे, ता. रोहा
बुधवार, दि. १८ फेब्रुवारी १९९८

चि. कान्हू यास,

वरचं ‘चि.’ लिहायला मला दोन दिवस लागले. ‘श्री.’ लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, भाऊजी परके झाले. ‘चि.’ लिहावं तर तू पन्नाशीला टेकलेला, सुना-जावयांच्या वाटेवर बसलेला माणूस. दोन इनलँड पत्रं मायन्यातच फुकट गेली. शेवटी वयाचा मान सोडला, नात्याचा धरला, आणि इनलँडात मजकूर मावणार नाही हे ध्यानात येऊन मिथुनच्या कपाटातले फुलस्केप घेतले. (मिथुन म्हणजे तुझा भाचा. आठ वर्षांत तू त्याला पाहिलेलं नाहीस, म्हणून आठवण करून देतो. त्याला आता मिशा आहेत आणि पूजा नावाची बायको आहे.)

तर कान्हू, महिपतीचा आशीर्वाद घे आणि तुझ्या कारभारणीला, काशीबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांचे गुडघे आता कसे आहेत? धरमतरच्या जेटीवर तुझं काम चालू आहे ना, की तुझ्या विशालनं तुला घरी बसवलं? विशाल नोकरीला लागल्याचं मला पेण स्टँडच्या कॅन्टीनवाल्याकडून समजलं. भाच्याची बातमी कॅन्टीनवाल्याकडून कळावी, ही वेळ कुणामुळे आली ते लिहीत बसत नाही. पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षी त्याच स्टँडवर मी तुला पाहिलं. तू उसाचा रस पीत होतास. हाक मारावी म्हणून दोन पावलं पुढे आलो, आणि तू मान वळवतोस असं वाटताच समोर दिसली त्या गाडीत चढून बसलो. ती अलिबागची निघाली. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेला माणूस पाटी न वाचता गाडीत चढला आणि वडखळला उतरून परत आला. तिथल्या कंट्रोलरनं मला ओळखलं. 

आमच्याकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे. पण तसं नाही.

गौरी बसल्या त्या दिवशी सकाळी तुझी बहीण सगुणा तांदूळ धूत होती. पातेलं हातातून सुटलं, पाठोपाठ ती बसली, आणि मग कलंडली. उजव्या अंगावरून वारं गेलं. अलिबागच्या दवाखान्यात सोळा दिवस काढले. आता भिंत धरून मोरीपर्यंत जाते, बोलणंही बरंचसं सुटलं आहे, पण उजवा हात आला नाही. कुणी दुसऱ्यानं सांभाळायला दिल्यासारखा मांडीवर ठेवून बसते. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण सहाव्या दिवशी तिच्या तोंडून पहिलं धड वाक्य निघालं ते हेच, “कान्हूला सांगू नका.” मी कान जवळ नेला होता, मला वाटलं पाणी मागते आहे.

आणि खरा घोर पुढेच आहे. ती जेवत नाही. म्हणजे डाव्या हातानं जेवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, चमच्यानं खायला लावा, सवय होईल. मी रोह्याच्या बाजारातून जाड दांड्याचा चमचा आणला, तो तिनं न्हाणीच्या खिडकीतून बाहेर टाकला. (टाकला डाव्याच हातानं, आणि नेमका शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेला. म्हणजे हात उत्तम चालतो.) पूजा बिचारी भरवायला बसली की ही तोंड फिरवते. सुनेच्या हातून घास घेण्याइतकी मी मेले नाय, म्हणते. माझ्या हातून घेते, तेही दार लावून, आणि चार घास झाले की पुरे. चार घासांवर बाई किती दिवस काढील? गौरीच्या आधी शिवलेली पोलकी आता तिच्या अंगावर खांबाला अडकवल्यासारखी दिसतात. मी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले, एक दिवस मीही उपाशी राहून पाहिलं. संध्याकाळी तिनं मला विचारलं, “तुमचं पोट बिघारलंय काय?”

आता माकडांकडे येतो. तू म्हणशील, भाऊजींचं डोकं फिरलं, पण ही माकडं मधे आली म्हणूनच मी आज लिहायला बसलो.

नोव्हेंबरात दिपिका नावाची एक मुलगी पुण्याहून आली आणि आमची ओटीलगतची खोली तिनं भाड्यानं घेतली. ती माकडांचा अभ्यास करते. मला आधी वाटलं, जंगलखात्याची असेल. पण तिचा अभ्यास म्हणजे माकड खाणं उचलायला कोणता हात पुढे करतं, डावा की उजवा, एवढंच बघायचं. याच्यावर मोठमोठी माणसं आयुष्यं घालवतात म्हणे. (मी बत्तीस वर्षं पेण-रोहा मार्गावर हजारो पसरलेले हात पाहिले, मला कुणी पदवी दिली नाही.) खांब गावाच्या पुढे हायवेला लागून एक मोठा वड आहे, तिथं चाळीसेक माकडांचा कळप असतो. तिला सोबतीला वाटेची माहिती असलेला, वेळेवर उठणारा आणि तक्ते भरता येणारा माणूस पाहिजे होता. एस.टी.नं माझ्याकडून दुसरं काय करून घेतलं? मी हो म्हणालो. घरात सगुणाच्या ताटासमोर बसून राहण्यापेक्षा माकडं परवडली.

काम दिसतं सोपं, पण आहे किचकट. माकड दोन्ही हात मोकळे ठेवून बसलेलं पाहिजे. शेंगदाणा बरोबर त्याच्या समोर ठेवायचा, जरा बाजूला पडला तर ते जवळच्या हातानं उचलतं आणि ती नोंद बाद. दुसरी परीक्षा नळकांड्याची. वीतभर नळीत आत गूळ चोपडायचा आणि नळी पुढे सरकवायची. माकड एका हातानं नळी धरतं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं गूळ कोरून खातं. कोरणारा हात कोणता, ते लिहायचं. दिपिकानं माकडांना नंबर दिले होते. मी नावं दिली. कळपाच्या म्होरक्याचं नाव हैबतराव, कारण आमच्या वेळी त्या नावाचे एक डेपो मॅनेजर होते आणि दुसऱ्याच्या डब्यातलं उचलताना त्यांचाही चेहरा असाच गंभीर असायचा. एका माकडिणीचा उजवा हात विजेच्या तारेला लागून कोपराखाली गेला होता. तिला मी सरू म्हणत असे.

रोज घरी आल्यावर सगुणाला भरवता भरवता मी कळपाच्या बातम्या सांगू लागलो. ती ऐकायची. बातमीच्या नादात एखादा घास जास्त जायचा. मला वाटलं, सापडली वाट! एक दिवस हळूच सोडून दिलं, की बहुतेक सगळी माकडं डावरी आहेत. ती घास चावायची थांबली. म्हणाली, “तुमी बनवता मना.” मी म्हटलं, शास्त्र आहे. ती म्हणाली, “कागदावर दाखवा.” चौथी पास आहे तुझी बहीण, आणि तेवढ्या शिक्षणाचा तिनं मला जन्मभर उपद्रव दिला आहे.

कान्हू, मी नोकरीत कधी एका आकड्याची लबाडी केली नाही. पण त्या दिवसापासून मी तक्त्यात उजव्याचे डावे लिहायला लागलो. तीन आठवडे लिहिले. रोज तिला कागद दाखवायचा, ती बोट फिरवत मोजायची आणि परत द्यायची. आणि आता पुन्हा चार घासांचे पाच होत नव्हते. इकडे दिपिका मात्र एका सकाळी धावत ओटीवर आली. शंभरात एक्याऐंशी नोंदी डाव्या हाताच्या! असं जगात कुठं झालेलं नाही, मी आजच सरांना कळवते, म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही की ओरडली नाही. तीन आठवड्यांचे कागद तिनं एकावर एक रचले आणि बाजूला ठेवले. मग एवढंच विचारलं, “काका, का?” मी तिला आत नेलं. जेवणाची वेळ होती. दार लावून मी सगुणाला भरवायला बसलो आणि दिपिका दाराच्या फटीतून बघत राहिली. (हे सगुणाला अजून माहीत नाही. आता तुला माहीत झालं.) बाहेर आल्यावर ती म्हणाली, “काका, कागद कशाला? काकूंनाच घेऊन चला.”

रविवार, आठ तारीख. नाक्यावरच्या खलीलनं त्याची मिनीडोर, ती सहा सीटची रिक्षा, आणली. मागच्या बाकावर त्यानं आपल्या घरची गादी अंथरली होती, आणि “चाची, सावकाश” म्हणत इतकी सावकाश हाकली की कोलाडच्या नाक्यावर एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. सगुणानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि उजवा हात पदराखाली झाकला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती घराबाहेर पडत होती. ती रस्त्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

वडाखाली पोचलो आणि शास्त्राचा बोजवारा उडाला. मिनीडोर नवी, बाई नवी, गादी नवी. कळप नोंदीला बसायच्या ऐवजी गाडीवरच चढला. हैबतराव टपावरून खाली वाकले आणि त्यांनी माझा डबा उघडला, भाकरी मागच्या मंडळींना दिली, चटणी हुंगून खलीलच्या सीटला पुसली. एका पिल्लानं दिपिकाचा नवा, खरा तक्ता ओढला आणि कोपऱ्यातून खायला घेतला. मी “ए, ए” करत पुढे झालो तर हैबतरावांनी माझा चष्मा काढून घेतला, दोन्ही हातांनी. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. खलील हॉर्न वाजवत होता, दिपिका “काका, हलू नका” म्हणत होती, आणि चष्म्यावाचून मला चाळीस माकडांच्या जागी एकच मोठं माकड दिसत होतं. तेवढ्यात गादीवरून आवाज आला. मला वाटलं हिला चक्कर आली. कान्हू, ती हसत होती. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसत होती.

सगळं निवल्यावर (चष्मा मिळाला, एक काडी सोडून) सरू आली. पोटाला पिल्लू चिकटलेलं. दिपिकानं गुळाची नळी तिच्याकडे सरकवली. मी म्हटलं, हिला कशी जमणार, एक हात धरायला पाहिजे, एक कोरायला. सरूनं नळी पायाखाली दाबली, डावा हात आत घातला आणि गूळ काढून खाल्ला. थोडा पिल्लाला चाटवला. पुन्हा घातला, पुन्हा खाल्ला. बाकीची माकडं आपापल्या उद्योगात होती.

सगुणा खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हिला कोन बोललं नाय?”

मी म्हटलं, “कोण बोलणार?”

“मी बोल्ले असते,” ती म्हणाली. “मी कान्हूला बोल्ले.”

आणि मग तिनं जे सांगितलं ते मला लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तू पाच वर्षांचा होतास, ती दहाची. शाळेत घालायच्या आधी पोराची डाव्या हाताची सवय मोडायची असं मामंजींनी, म्हणजे तुमच्या बाबांनी, ठरवलं, आणि ते काम तिच्याकडे दिलं. जेवायला बसलास की ती तुझा डावा हात मेढीच्या खांबाला बांधायची. उजव्यातून जेवढी शितं खाली पडतील तेवढ्या चापट्या. तू रडायचास आणि ती मोजायची. “रिबीन माजी व्हती,” ती म्हणाली. “लाल. यात्रेतनं घेतलेली. बाबानं सुतली दिलेली, पन सुतली टोचंल म्हनून मी रिबीन घेतली.” हे तिनं दोनदा सांगितलं, जणू तेवढंच तिच्या बाजूनं बोलण्यासारखं होतं.

मामंजींच्या दहाव्याचं तुला सांगायला नको, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. खाडीच्या बंधाऱ्याजवळ तू पिंड ठेवायला वाकलास. उजव्या हातातलं पान कलंडायला लागलं म्हणून तू डाव्यानं सावरलंस आणि डाव्यानंच ठेवलंस. कावळे झाडावर बसून राहिले. तासभर एकही खाली उतरेना. तेव्हा सगळ्या भावकीसमोर ती तुला म्हणाली की, डावऱ्या हातानं ठेवलास, बाप कसा शिवंल. तू तसाच उठलास आणि न जेवता निघून गेलास. त्यानंतर भाऊबीज नाही, मिथुनच्या लग्नाला नाही, कशालाच नाही. पत्रिका मी पाठवली होती. ती परतही आली नाही.

पुढचं तुला माहीत नाही. वडाखाली ती ते बोलली, म्हणून मी लिहितो. “कावला शिवला व्हता,” ती म्हणाली. तू बंधाऱ्यावरून दिसेनासा झालास. भटजी दर्भाचा कावळा वळत बसले होते, भावकी पाय धुवायला वळली होती, आणि खरा कावळा येऊन तू ठेवलेला घास घेऊन गेला. तिनं पाहिलं आणि मी पाहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणाली काही नाही. मीही बोललो नाही. आज सांगू, पुढच्या सणाला सांगू, असं करता करता आठ वर्षं झाली, आणि इतकं जुनं झालेलं कुणाला सांगायचं कसं हेच कळेनासं झालं.

गाडीत बसवताना ती शेवटचं एक बोलली, आणि मला त्या चमच्याचा उलगडा झाला. “आता मी डाव्या हातानं जेवले, तर मंग तवा मी त्याला मारला कशाला?”

 मी गादी नीट केली. खलीलनं गाडी सुरू केली.

त्याला दहा दिवस झाले. तुला वाटलं असेल, गोष्टीतल्यासारखं तिनं घरी येऊन डाव्या हातानं पोटभर जेवण केलं. तसं नाही झालं. चारच घास. फक्त आता भरवताना ती दार उघडं ठेवू देते. रोह्याचे डॉक्टर म्हणतात, गिळायला काही अडचण नाही, हे मनाचं आहे, आणि अशीच राहिली तर पावसाळा कठीण.

असो. पत्र लांबलं. काशीबाईंनी गुडघ्याला निर्गुडीचा शेक घ्यावा. तू जेटीवर उन्हात डोकं झाकत जा. लहानमोठ्यांना आशीर्वाद.

तुझा,
महिपती भाऊजी

ता. क. – दिपिका परवा सोमवारी पुण्याला गेली. माझे खोटे कागद वगळून उरलेल्यांचा हिशेब तिनं मला समजावून दिला. साधा शेंगदाणा माकड सोयीच्या हातानं उचलतं. नळकांड्याला मात्र ज्याचा-त्याचा हात ठरलेला असतो, या कळपात निम्मी डावी आणि निम्मी उजवी. जे डावं ते रोज डावंच. मी विचारलं, यातून निष्कर्ष काय? ती म्हणाली, काका, अजून काही म्हणता येत नाही. एवढ्यासाठी माझ्या चष्म्याची काडी गेली.

ता. क. दुसरा – ज्याच्यासाठी आठ पानं भरली ते वर कुठंच लिहिलं गेलं नाही. तू ये. तिची समजूत घालू नकोस, तिला माफी मागायला लावू नकोस, मागायला लागली तर दुसरं काही बोल. मी तुम्हा दोघांची पानं समोरासमोर मांडीन. तू तुझ्या डाव्या हातानं जेव, पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत, तिच्या डोळ्यांदेखत. शितं सांडली तर सांडू दे. तेवढंच कर. माझ्यावर राग असेल तर तो रास्त आहे. बत्तीस वर्षं गाडीत ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडणारा माणूस मी, त्या दिवशी बंधाऱ्यावरून तुला मागे बोलवायला माझ्या तोंडून एक हाक निघाली नाही.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होतो तर सगुणानं विचारलं, तीन दिवस काय लिहिताय. खोटं बोलायची आता सोय राहिली नाही, म्हणून वाचून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. कावळ्याचा मजकूर मी गाळून पुढे गेलो तर म्हणाली, “तां पन वाचा.” वाचलं. मला वाटलं आता पत्र फाडायला सांगते. तिनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, “त्याला लिवा, येताना खारीच्या चिंबोऱ्या आन.” (खाडीच्या म्हणायचं आहे तिला. जीभ अजून माहेरचीच आहे.) मी म्हटलं, अगं, चिंबोरीची नांगी एका हातानं फुटत नाही.

“मना ठाव हाय,” म्हणाली. “तो फोरंल.”

तर कान्हू, गुरुवारी सव्वीस तारखेला अमावास्या आहे, चिंबोऱ्या तेव्हा भरतात. भरलेल्या बघून आण.